दिवाळीच्या अंगणात काफाज्जोलो : मेदिचींची गढी आणि तिचं शिकारीचं रान कसं बांधावं

इटलीतल्या मेदिची या पेढीवाल्या घराण्याची काफाज्जोलो ही गावाकडची गढी. तिला डोंगर नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दिवाळीचा किल्ला म्हणजे पोत्यावर चिखल थापून उभा केलेला कडा आणि वर बालेकिल्ला, अशी हाताला सवय असते. ती सवय इथे नडते. काफाज्जोलो सपाटीवर उभा आहे, आणि त्याची जात आपल्या देशमुखांच्या गढीची आहे : भोवती कोट, आत चौक, कोटाबाहेर गोठे-तबेले, त्यापलीकडे शेतं आणि शेवटी रान. रामटेकजवळचा नगरधन पाहिला असेल, तर भुईकोट जमिनीवर कसा बसतो ते डोळ्यांपुढे असेलच. तोच बाज ठेवायचा, फक्त गोल बुरुजांऐवजी चौकोनी मनोरे काढायचे.

नेमकं काय बांधतोय

फ्लॉरेन्सच्या उत्तरेला मुजेल्लो नावाचं खोरं आहे. त्यातून सिएवे नदी वाहते. मेदिची घराणं मूळचं याच भागातलं. पेढीवर पैसा आला, शहरात मोठा वाडा झाला, तरी गावाकडची जमीन त्यांनी सोडली नाही. थोरल्या कोसिमोने (१३८९–१४६४) १४५०च्या सुमारास इथल्या जुन्या कोटाचं घर करून घेतलं, ते मिकेलोत्सो या वास्तुकाराकडून. हा मिकेलोत्सो, मायकेलँजेलो नव्हे. किल्ल्याजवळ ठेवायच्या माहितीच्या कार्डावर दर वेळी हीच चूक होते, म्हणून लक्षात ठेवा : मिकेलोत्सो १४७२ मध्ये वारला आणि मायकेलँजेलो १४७५ मध्ये जन्मला. कोसिमोचा नातू लोरेन्झो (१४४९–१४९२) याचं लहानपण बरंचसं इथे गेलं. पुढे मेदिची तोस्कानाचे ग्रँड ड्यूक झाले, तेव्हाही शिकारीसाठी इथे येणं-जाणं राहिलं.

आज तिथे गेलं तर मूळ रूप पुरतं दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात मागचा मनोरा पाडला गेला आणि खंदक बुजवला गेला. त्यामुळे इंटरनेटवरचे आजचे फोटो पाहून बांधायला बसू नका. नमुना घ्यायचा तो जुस्तो उतेन्स या फ्लेमिश चित्रकाराच्या चित्राचा. त्याने १५९९ ते १६०२ या काळात मेदिचींच्या जहागिरीतली घरं अर्धवर्तुळाकार चित्रांत रंगवली. ही चित्रं आर्तिमिनोच्या शिकारमहालातल्या दालनासाठी होती, आता ती फ्लॉरेन्सजवळच्या ला पेत्राया या वाड्यात आहेत. त्यांतल्या काफाज्जोलोच्या चित्राची रंगीत प्रिंट ए-थ्री आकारात काढा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कामाच्या जागी ठेवा. चिखलाच्या हातांनी मोबाइल सारखा उघडण्यापेक्षा हे सोपं जातं.

या चित्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे त्याची नजर. उतेन्सने प्रत्येक घर वरून, पाखराच्या नजरेने दाखवलं आहे. अंगणातला किल्लाही आपण उभ्याने, वरूनच पाहतो. म्हणून दर्शनी भिंतीवर दोन दिवस घालवून छपरावर नुसता चिखल फासू नका. वरून दिसतात ती छपरं, चौक, खंदकाची रेघ, बागेचे वाफे आणि रानाची कड. मेहनत तिथे घाला. याच कारणाने किल्ला टेबलावर किंवा ओट्यावर नको, जमिनीवरच हवा.

जागा आणि मापं

६ फूट बाय ४ फूट जागा आखा. ६ फुटांची बाजू तुमच्या समोर. गढी खंदकासकट या जागेचा पावच भाग व्यापेल, एवढीच ठेवा. किल्ला फसतो तो बहुतेक इथेच : गढीच अर्धं अंगण खाते, शेती आणि रान चार इंचांच्या पट्टीत कोंबली जातात, आणि मग ती कुठल्याही गावातली चौकोनी इमारत दिसते.

माणसाची उंची १ इंच धरा. त्यावरून दरवाजा पावणेदोन ते दोन इंच, मजला अडीच ते तीन इंच. बाजारात मिळणारे मावळे तीन-तीन इंचांचे असतात. ते या गढीपुढे ठेवले तर मावळ्याचं डोकं दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागतं. त्यामुळे इथे माणसं आपणच करायची. त्याबद्दल पुढे.

गढी डावीकडे, पुढच्या कडेपासून ६ इंच आत. तिच्या मागे बाग. उजवीकडचा सगळा भाग शेत आणि रानासाठी मोकळा सोडा, आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात ८-१० इंचांचा एकच टेकाड ठेवा. मुजेल्लोच्या भोवती आपेनाइन डोंगर आहेत, त्यामुळे मागे उंचवटा शोभतो. गढीखाली मात्र तो नको.

खाली ताडपत्री अंथरा. फरशीवर थेट चिखल टाकला तर भाऊबीजेनंतर फरशीचे डाग घासत बसावं लागतं.

सामान

अख्ख्या विटा ३०. एवढ्या का, ते पुढच्या हिशोबात येईल. चाळलेला लाल मुरूम ३ घमेली, काळी माती दीड घमेलं, रेती दीड घमेलं, कुटार (भुसकट) एक घमेलं, ताजं शेण अर्धं घमेलं. कन्हान नदीची रेती मिळाली तर उत्तम, पण ती खडबडीत असते, बारीक चाळणीतून काढा. विझवलेला चुना १ किलो, गेरू पाव किलो, पिवडी १०० ग्रॅम, नीळ चिमूटभर. टेकाडासाठी नागपूरच्या कॉटन मार्केटमधून संत्र्याची दोन जुनी लाकडी खोकी आणि दोन पोती. छपरासाठी पार्सलचे खोके. सज्जासाठी ज्वारीचे सुके धांडे, बोटाएवढे बारीक. झाडांसाठी मोरपंखीच्या डहाळ्या आणि सुकी पऱ्हाटी किंवा तुऱ्हाटी (कापसाच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्या). सुतळी, आइसक्रीमच्या काड्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, मोहरी अर्धा किलो, अळीव १०० ग्रॅम.

थर्माकोल आणू नका. चिखल त्याला धरत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा सुटतो. आणि दिवाळीत पणतीजवळ थर्माकोल म्हणजे आपण होऊन बोलावलेली आग.

माती : नागपुरात हीच खरी अडचण

नागपूरच्या आसपासची काळी कापसाची माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. नुसत्या काळ्या मातीचा गिलावा केला तर ऑक्टोबरच्या उन्हात दुसऱ्याच दिवशी भिंतीवर जाळं उमटतं, तिसऱ्या दिवशी ढलप्या पडतात. नुसता मुरूम घेतला तर उलटं होतं : भेग पडत नाही, पण हात लावला की भुगा. म्हणून दोन वाटे मुरूम, एक वाटा काळी माती, एक वाटा रेती. काळी माती चिकटपणा देते, मुरूम आणि रेती आक्रसणं रोखतात, कुटाराच्या काड्या भेग पसरू देत नाहीत. शेणाने चिखल मऊ होतो आणि हाताखाली गुळगुळीत फिरतो.

कुटार एक इंचापेक्षा लांब नको, नाहीतर भिंतीवर केस उभे राहिल्यासारखं दिसतं. गव्हाचं असेल तर उत्तम. धानाचं तणस वापरणार असाल, तर ते आधी विळीवर कापून घ्या.

मिश्रण किमान एक रात्र भिजू द्या, दोन रात्री दिल्या तर फरक हाताला कळतो. कोजागरीनंतर दोन-तीन दिवसांनी माती भिजत घातली की लक्ष्मीपूजनापर्यंत जवळजवळ बारा दिवस मिळतात, ते पुरतात.

भिंतीला लावण्याआधी चाचणी घ्या. हातावर पुरीएवढी, एक इंच जाडीची टिक्की थापून उन्हात एक दिवस ठेवा. नख शिरेल एवढी भेग पडली तर रेती वाढवा, एका घमेल्याला दोन ओंजळी. कडा चुरा होत असतील तर काळी माती एक ओंजळ. टिक्की दोन बोटांत दाबून मोडत नसेल, तर माती तयार आहे. हे एका दिवसाचं काम लोक हमखास टाळतात, आणि नंतर तीन दिवस भेगा बुजवत बसतात.

विटांचा सांगाडा

वीट ९ बाय ४ बाय ३ इंच धरली आहे. तुमची वीट थोडी वेगळी निघाली तरी पद्धत तीच.

मुख्य गढी : दर्शनी बाजूला दोन विटा लांबीने, म्हणजे १८ इंच. मागेही तशाच दोन. दोन्ही कुशींना मधे एक-एक. एका थरात सहा विटा, बाहेरून १८ बाय १७ इंचांचा चौकोन, आत १० बाय ९ इंचांची पोकळी. असे तीन थर, उंची ९ इंच, विटा १८. थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, कोपऱ्यावरची वीट दर थराला फिरवा. पोकळीचा पुढचा अर्धा भाग चौक म्हणून उघडा ठेवा.

दरवाजाचा मनोरा : दर्शनी भिंतीच्या बरोबर मध्यावर, भिंतीला चिकटून पण बाहेर आलेला. दोन विटा उभ्या, शेजारी-शेजारी. त्यावर दोन अद्धे (अर्ध्या विटा) एकावर एक. उंची १५ इंच. अद्धा थोडा अरुंद पडेल, ती फट चिखलाने भरा.

मागचा मनोरा : पोकळीच्या मागच्या भागात. दोन विटा उभ्या, त्यावर पुन्हा दोन उभ्या. उंची १८ इंच, म्हणजे दरवाजाच्या मनोऱ्यापेक्षा तीन इंच जास्त. आज पाडलेला आहे तो हाच. तो नसेल तर तुमचा काफाज्जोलो सोळाव्या शतकातला राहत नाही.

म्हणजे १८ अधिक ३ अधिक ४, एकूण २५ विटा. उरलेल्या पाच तुटीसाठी आणि खंदकाबाहेरच्या बुटक्या भिंतीसाठी.

उभ्या विटांचे मनोरे कोसळतात ते बांधताना नाही, गिलावा देताना. ओल्या चिखलाचं वजन एकाच बाजूने चढतं आणि वरची वीट सरकते. उपाय दोन : दोन्ही विटांभोवती सुतळीचे चार-पाच घट्ट वेढे द्या, त्याने चिखलालाही पकड मिळते. आणि गिलावा चारही बाजूंनी थोडा-थोडा चढवा, एक बाजू पुरी करून दुसरीकडे वळू नका. चिखल लावण्याआधी विटा पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून घ्या. कोरडी वीट चिखलातलं पाणी शोषते आणि गिलावा चिकटायच्या आतच वाळतो.

गिलावा तीन हातांचा. पहिला पाऊण इंच, बोटांनी रेघा मारून खडबडीत ठेवलेला. एक दिवस सावलीत वाळवा. ऊन कडक असेल तर ओलं पोतं वरून झाका. दुसरा पाव इंच, ओल्या हाताने सारखा केलेला. तिसरा म्हणजे चाळलेल्या मातीची कढीसारखी पातळ राड, कापडाने पुसून. कोपरे धारदार हवेत. लाकडी पट्टी ओली करून कोपऱ्यावर वरून खाली ओढली की धार येते. दरवाजा खरा पोखरू नका. मनोऱ्याच्या पहिल्या गिलाव्यातच दोन इंच उंचीची कमान अर्धा इंच खोल दाबा आणि शेवटी तिच्यात काजळी लावा. खोलीचा भास पुरतो.

सज्जा : इथे घाई नको

काफाज्जोलो लांबून ओळखू येतो तो त्याच्या माथ्यामुळे. भिंतीच्या आणि मनोऱ्यांच्या वरच्या कडेला बाहेर काढलेली पट्टी आहे, खाली ओळीने तोडे, म्हणजे पट्टीला आधार देणारे ठोकळे, आणि तोड्यांमध्ये छोट्या कमानी. कधीकाळी या पट्टीतल्या भोकांमधून खाली आलेल्या शत्रूवर दगड टाकता येत. मेदिचींच्या काळात त्याचा उपयोग लढाईपेक्षा रुबाबासाठीच जास्त होता, असं म्हणायला हरकत नाही. इमारत राहायची होती, पण दुरून किल्ला दिसली पाहिजे होती.

ज्वारीचा धांडा पाऊण इंचाच्या तुकड्यांत कापा. प्रत्येक तुकड्याचं एक टोक तिरपं छाटा, वर रुंद, खाली निमुळता. दुसरा गिलावा ओला असतानाच भिंतीच्या माथ्यापासून दीड इंच खाली, एकेक इंचावर हे तुकडे अर्धे आत दाबत जा. दर्शनी भिंतीला १८-१९ लागतील, चारही बाजू आणि दोन्ही मनोरे धरून शंभराच्या आसपास. सगळे आधी कापून वाटीत ठेवा. त्यांच्यावर पुठ्ठ्याची इंचभर रुंद पट्टी, आणि पट्टीवर पातळ गिलावा.

तुकडे भिंत वाळल्यावर चिकटवायचा मोह होतो. ते टिकत नाहीत, पट्टीच्या वजनाने एकेक गळतात. आणि अंतर डोळ्यांनी ठरवू नका. दोऱ्याला इंचा-इंचावर गाठी मारा, तो दोरा भिंतीभोवती बांधा आणि गाठ तिथे तोडा. वरून पाहताना रेघ वाकडी असेल तर ती लगेच डोळ्यात भरते.

छपरं

मुजेल्लोतली छपरं उतरती आहेत, भाजलेल्या मातीच्या अर्धगोल कौलांची. विदर्भातल्या खेड्यात जुन्या घरांवर हाताने केलेले नळीचे कवेलू असतात, बरेचसे तसेच. मंगलोरी कौल इथे शोभत नाही.

पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा पाण्यात भिजवा, वरचा एक कागद सोलून काढा. आतली नागमोडी पन्हळ उघडी पडली की तेच कवेलू. पन्हळी उताराच्या दिशेने, वरून खाली आल्या पाहिजेत. आडव्या बसवल्या तर छप्पर जिन्यासारखं दिसतं, आणि ही चूक फार होते. गढीच्या चारही पाखांचे तुकडे कापा, मधे चौकाची जागा सोडा. उतार फार देऊ नका, चार इंचांना एक इंच पुरे. हिमालयातल्या घरासारखी टोकदार छपरं झाली की सगळं बिघडतं. मनोऱ्यांवर चारपाखी बुटकं छप्पर, सज्जाच्या आत बसणारं.

रंग गेरूचा, पण एकसारखा नको. गेरूत थोडी पिवडी घालून दुसरी छटा करा आणि मधेमधे ब्रशचे ठिपके द्या. जुनी कौलं अशीच दिसतात. वाळल्यावर मेणबत्तीचं मेण गरम चमच्याने वरून हलकं पसरवा. नागपुरात दिवाळीच्या पहाटे दव पडतं, आणि मेणाशिवाय पुठ्ठा दोन सकाळींत मऊ होऊन बसतो. शेवटी चार-पाच धुरांडी, अर्ध्या इंचाची, मातीचीच.

चुना विझवलेलाच आणा. कळीचा चुना मुलांसमोर विझवू नका, तो उकळतो आणि डोळ्यांत उडतो. एक किलोला साडेचार लिटर पाणी, दुहेरी कापडातून गाळा, त्यात मूठभर मीठ आणि दोन चमचे डिंकाचं पाणी. भिंतीचा रंग पांढराशुभ्र नाही, सायीसारखा हवा, म्हणून चिमूटभर पिवडी. कोपरे, कमानीची कड आणि तोडे यांना राखेचा करडा रंग द्या. त्या भागात घडीव दगड करडाच असतो. चुना लावण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडा. कोरड्या मातीवर लावलेला चुना दुसऱ्या दिवशी बोटाला येतो.

खंदक आणि पूल

गढीच्या भिंतीपासून दोन इंच जागा सोडून तीन इंच रुंद, दोन इंच खोल खंदक. ती दोन इंचांची पट्टी विसरू नका. खंदकाचं पाणी भिंतीच्या पायाला लागलं तर माती खालून विरघळते आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच भिंत बसते.

खंदकात दुधाच्या पिशव्या कापून, एकमेकींवर दोन इंच चढवून अंथरा, कडा मातीखाली दाबा, वर बारीक रेती पसरा. पाणी पाहुणे यायच्या वेळीच भरा, रात्री कापडाने टिपून काढा. पावसाळा संपताना नागपुरात डेंग्यूचे डास असतातच, आणि साचलेलं स्वच्छ पाणी त्यांना फार आवडतं.

पूल सहा आइसक्रीम-काड्यांचा. दोन बाजूंनी काळा दोरा मनोऱ्यातल्या दोन भोकांपर्यंत, साखळी म्हणून. तो अर्धवट उचललेला ठेवलात तर वरून पाहणाऱ्याला कळतं की हा उचलता पूल आहे.

बाग, शेत, रान

मागची बाग १८ बाय १२ इंच. बुटकी भिंत, आत दोन रस्ते एकमेकांना छेदणारे, चार वाफे. वाफ्यांत अळीव पेरा, दोन-तीन दिवसांत उगवतो आणि गालिच्यासारखा दाट बसतो. मोहरीला तीन-चार दिवस लागतात, ती पुढच्या कुरणाला. गहू पेरू नका. आठवड्याभरात तो पाच इंच होतो, म्हणजे या मापात पाच माणसांच्या उंचीचं गवत. दोन्ही बी लक्ष्मीपूजनाच्या पाच-सहा दिवस आधी पेरा, पहिले दोन दिवस ओलं पोतं झाका, नाहीतर चिमण्या आणि कबुतरं तुमच्याआधी दिवाळी करतील. पाणी फवाऱ्यानेच. रोप उभं राहिलं की दिवसातून एकदा पुरे, जास्त झालं की मुळाशी पांढरी बुरशी येते.

शेतं उजवीकडे, आडव्या पट्ट्यांत : एक मोहरीची, एक नांगरलेल्या काळ्या मातीची, एक कुटार पसरलेली. पट्ट्या सरळ नको, ओढ्याच्या वळणाने.

तोस्कानाचा सुरू म्हणजे उंच, निमुळता, गडद. त्याला मोरपंखीची डहाळी अगदी चपखल बसते. पाच-सहा इंचांच्या डहाळ्या कापून रस्त्याच्या दोन्ही कडांना ओल्या रेतीत रोवा. रेती ओली ठेवली तर भाऊबीजेपर्यंत हिरव्या राहतात. रानात मात्र सुरू नको. मुजेल्लोची रानं ओक आणि चेस्टनटची, म्हणजे पसरट डोक्याची झाडं. त्यासाठी पऱ्हाटीची फांदी, आणि तिच्यावर हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला लाकडाचा भुसा. झाडं ओळीत लावू नका, शेताकडे विरळ, टेकाडाकडे दाट. टेकाड संत्र्याच्या खोक्यावर चिखलात बुचकळलेलं पोतं टाकून करा. वर मातीचा एकच पातळ हात पुरतो.

शिकारीत प्राणी कोणते, यावर मुलांशी वाद होणारच. वाघ नाही. ताडोबा आपलं आहे, मेदिचींचं नव्हे. बिबट्या, गवा, नीलगाय, हेही नाही. रानडुक्कर, हरीण, ससा, लांडगा, कोल्हा आणि तित्तिराच्या जातीचे पक्षी, एवढे पुरे. दुकानातलं चितळ वापरता येतं, कारण युरोपातल्या फॅलो हरणाच्या अंगावरही उन्हाळ्यात पांढरे ठिपके असतात. फक्त नराची शिंगं बदला : चितळाची टोकदार फाट्यांची असतात, फॅलोची टोकाला तळहातासारखी पसरट. पुठ्ठ्याचे दोन छोटे तुकडे पुरतात. आणि कोणी जिराफ ठेवायचा हट्ट धरला तर लगेच नाही म्हणू नका. १४८७ मध्ये इजिप्तच्या सुलतानाकडून लोरेन्झोला खरोखरच एक जिराफ भेट आला होता. तो फ्लॉरेन्सला आला, या रानात नाही, म्हणून अंगणाच्या अगदी कडेला, शहराच्या रस्त्यावर ठेवा.

शिकारीचं दृश्य हाक्याचं करा. हाकारे आणि कुत्री टेकाडाकडून खाली, प्राणी पळताहेत, आणि रानाच्या कडेला जाळं. जाळ्यासाठी संत्री-कांद्याच्या पिशवीची जाळी कापा. घोडेस्वार भाले घेऊन जाळ्याच्या बाजूला. मचाण नको. एका स्वाराच्या मुठीवर ससाणा ठेवा, मातीचा, तांदळाच्या दाण्याएवढा. माणसं करायला नागपुरातल्या मूर्तिकारांच्या चितार ओळीत शाडू मिळेल. आगकाडीवर इंचभर शाडू लावून कपडे रंगवले की झालं. चेहरे काढत बसू नका, वरून ते दिसत नाहीत.

कोटाबाहेर तबेल्याजवळ कुंभाराचा एक छोटा आवा जरूर करा. १४९८ मध्ये काफाज्जोलोत मोंतेलुपोहून आलेल्या कुंभारांनी मेदिचींच्या आश्रयाने रंगीत मातीच्या भांड्यांचा कारखाना सुरू केला, आणि तिथली भांडी आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आव्याशेजारी फुटक्या कपबशीचे निळे-पांढरे बारीक तुकडे रचा. कडा घासून घ्या, मुलांचे हात कापतील.

झेंडा, महाराज आणि दिवे

मेदिचींचं चिन्ह : सोनेरी ढालीवर सहा गोळे. पाच लाल, सगळ्यात वरचा निळा, आणि त्या निळ्यावर सोनेरी कमळासारखी तीन फुलं. साबुदाणे कुंकवाच्या पाण्यात रंगवा, एक निळीत. लाल गोळ्यांसाठी गुंजा घेऊ नका. त्या विषारी असतात आणि किल्ल्याभोवती लहान मुलं असतात.

शिवाजी महाराजांची मूर्ती मेदिचींच्या मनोऱ्यावर बसवू नका, आणि किल्ल्यावर महाराज नाहीत असंही नको. गढीच्या आखणीबाहेर, उजव्या हाताला, स्वतंत्र पाटावर त्यांची जागा करा. रांगोळी आणि पणती तिथेच. दोन्ही गोष्टींचा मान राहतो.

गढीत दिवे बॅटरीवरचे. सीताबर्डीच्या बाजारात मिळणारी २२० व्होल्टची माळ ओल्या मातीत घालू नका. पहाटेच्या दवाने जोडांमध्ये ओल शिरते आणि शॉक बसतो. खालच्या मजल्याच्या खिडक्या लहान, वरच्या थोड्या मोठ्या. पणत्या छपरांपासून किमान एक फूट लांब, कारण वर मेण आहे.

परतीचा पाऊस दिवाळीपर्यंतही येऊ शकतो. चार कोपऱ्यांना बांबू रोवून ताडपत्री तयार ठेवा, पण ती छपराला टेकू देऊ नका. टेकली तर मधे पाणी साचून तिच्या पोटाने मनोरा दाबला जातो.

कार्ड लहान ठेवा. एवढं पुरे : ‘काफाज्जोलो, मुजेल्लो खोरं, फ्लॉरेन्सच्या उत्तरेला, इटली. मेदिची घराण्याची गावची गढी. वास्तुकार मिकेलोत्सो, सुमारे १४५०. १६००च्या सुमाराचं रूप, जुस्तो उतेन्सच्या चित्रावरून. २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, मेदिचींच्या इतर घरांसह.’ मेदिचींना राजे लिहू नका. कोसिमो आणि लोरेन्झो पेढीवाले होते, पदवी नंतर आली. १५७६ मध्ये याच घरात पिएत्रो दे मेदिचीने आपल्या बायकोचा, एलेओनोराचा खून केला. ते कार्डावर नको, पण मोठ्यांपैकी कोणी विचारलं तर माहीत असू द्या.

मोडणी

तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचं असेल तर खंदक कोरडा करा आणि अळीव कापून टाका, तोवर तो पिवळा पडलेला असतो. मोडताना आधी चुन्याचा थर खरवडून वेगळा काढा. नागपूरची काळी माती मुळातच चुनखडीची असते, त्यात आणखी चुना गेला तर कुंडीतल्या झाडांची पानं पिवळी पडतात. उरलेली माती कुटार-शेणासकट कुंड्यांना चालते. मनोरे सुतळी कापूनच उतरवा, ढकलू नका, वरची वीट पायावर येते. विटा धुऊन, उन्हात वाळवून, ज्या क्रमाने उतरवल्या त्याच क्रमाने खडूने आकडे घालून रचा. अद्धे वेगळ्या पोत्यात.